पेशींची साक्ष

‘तुकडा तपासावयास पाठविला आहे’ हे चार शब्दांचे वाक्य मध्यम वर्गातील बहुतेक प्रत्येक कुटुंबात केव्हा ना केव्हा उच्चारले गेलेले असते. ते उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. तुकडा कशाचा, तो कोठे पाठविला, तेथे त्याचे काय करितात आणि जे लिहून येते त्याचा अर्थ काय, ह्यांपैकी एकाही गोष्टीची विचारपूस घरात सहसा होत नाही. विचारला जातो तो एकच प्रश्न : ‘आहे की नाही?’ ह्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मिळते आणि ते ब्रह्मवाक्य असते, अशी आपली समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हे इतिहासाच्या आधाराने तपासून पाहण्याचा येथे विचार आहे. आम्ही वैद्य नव्हे. आमचे आयुष्य इतिहास शिकविण्यात गेले. परंतु लिहिलेल्या साक्षीचे मोल कसे ठरवावे हा आमच्या नित्याच्या व्यवसायातला प्रश्न आहे. बखर हाती आली म्हणजे लिहिणारा कोण, त्याने स्वतः काय पाहिले, किती पाहिले आणि कोठून पाहिले, हे आम्ही आधी विचारतो. प्रयोगशाळेच्या कागदालाही हेच प्रश्न विचारावे लागतात, असे आम्हांस दिसून आले.

‘बायोप्सी’ हा शब्द फार जुना नाही. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्त बेनिए ह्यांनी तो १८७९ साली दोन ग्रीक शब्दांपासून बनविला. ‘बिओस’ म्हणजे जीवन आणि ‘ऑप्सिस’ म्हणजे पाहणे. अशा शब्दाची गरज का भासली हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यापूर्वी शतकानुशतके वैद्यांस शरीराच्या आतला रोग पाहावयास मिळे तो बहुधा रोगी मेल्यावर. पादुआ येथील मोर्गान्यी ह्यांनी १७६१ साली शेकडो शवविच्छेदनांवरून आपला महाग्रंथ सिद्ध केला आणि रोगाचे ठाणे अमुक एका अवयवात असते हे दाखवून दिले. ते ज्ञान मोठेच. पण ज्यांच्या देहांतून ते मिळाले त्यांना त्याचा काडीइतकाही उपयोग होण्याजोगा नव्हता. विकृतिशास्त्राने मृताकडची दृष्टी काढून जिवंताकडे वळविली ती बायोप्सीच्या रूपाने.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अर्बुदाचे वर्णन आहे. वाटोळे, एका जागी घट्ट बसलेले, फारसे न दुखणारे, मोठे, खोल मूळ धरलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे, अशी त्याची लक्षणे तेथे दिली आहेत. एका अर्बुदावर दुसरे उठले तर ते अध्यर्बुद; दोन जोडीने किंवा एकामागून एक उठली तर ते द्विरर्बुद, आणि ते असाध्य. हे वाचून आमच्या पूर्वजांस सर्व काही ठाऊक होते असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. बोटांनी चाचपून आणि डोळ्यांनी न्याहाळून जेवढे कळते तेवढे सुश्रुतांनी अचूक टिपले, हे खरेच आहे. परंतु पेशी बोटांना लागत नाही. हाताला सारख्याच लागणाऱ्या दोन गाठींपैकी एक निरुपद्रवी मेदाची व दुसरी प्राणघातक, हा भेद ठरविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ग्रीकांपाशीही नव्हते, त्यांनी ह्या रोगाला खेकड्याचे नाव दिले, आणि तेच पुढे ‘कर्क’ ह्या रूपाने आपल्या भाषेत नांदू लागले.

हे साधन जर्मनीत घडले. योहानेस म्यूलर ह्यांनी १८३८ साली अर्बुदे ही पेशींचीच बनलेली असतात असे सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. त्यांचे शिष्य रुडॉल्फ फिर्खो ह्यांनी १८५८ साली बर्लिन येथे दिलेली व्याख्याने प्रसिद्ध केली व प्रत्येक पेशी ही पूर्वीच्या पेशीपासूनच जन्मते हा सिद्धान्त रूढ केला. ह्या सिद्धान्ताचा अर्थ असा, की कर्करोग हा बाहेरून शिरलेला शत्रू नव्हे, किंवा अंगातल्या रसांचा प्रकोपही नव्हे. आपल्याच घराण्यातल्या पेशींचा तो वंशविस्तार. पुढे वीस वर्षांनी, १८७८ साली, बर्लिनमध्येच कार्ल रूगे व योहान फाइट ह्यांनी गर्भाशयमुखाच्या व्रणाचा अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून निदान करू नये असा आग्रह धरला. त्या काळच्या नामांकित शस्त्रवैद्यांस हा आगाऊपणा वाटला. ज्यांची बोटे तीस वर्षे व्रण चाचपीत आली त्यांना काचेवरच्या ठिपक्याने शहाणपण शिकवावे, हे कसे रुचावे?

ह्या नव्या साक्षीची खरी कसोटी लागली ती नऊ वर्षांनी, आणि तीही एका राजकुलात. जर्मन युवराज फ्रीडरिख हा व्हिक्टोरिया राणीचा जावई. १८८७ च्या जानेवारीत त्याचा आवाज बसला. स्वरतंतूवर एक लहानसा उंचवटा दिसला. तप्त तारेने तो जाळूनही पुन्हा उगवला. हा कर्करोगच असला पाहिजे, घसा उघडून तो मुळासकट काढावा, असे बर्लिनच्या वैद्यांनी ठरविले व मे महिन्यात शस्त्रक्रियेची सिद्धताही झाली. इतक्यात इंग्लंडातून कंठरोगांचे प्रख्यात तज्ज्ञ मॉरेल मॅकेंझी येऊन पोचले. पुराव्यावाचून युवराजाच्या घशाला सुरी लावू नये, आधी तुकडा काढून तो तपासावा, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी आरशाच्या साह्याने चिमट्याने अंश काढला आणि तो पाठविला तो प्रत्यक्ष फिर्खोंकडे. फिर्खोंना त्यात कर्करोग आढळला नाही. पुढच्या तुकड्यांतही आढळला नाही. शस्त्रक्रिया रहित झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राणीने मॅकेंझींस ‘सर’ ही पदवी दिली. नोव्हेंबरात सान रेमो येथे घशात नवी वाढ दिसली आणि रोग कर्काचाच हे मॅकेंझींसही मान्य करावे लागले. १८८८ च्या फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले. मार्चमध्ये बाप वारला व फ्रीडरिख मुका बादशहा म्हणून गादीवर आला. ९९ दिवस राज्य करून १५ जून रोजी मरण पावला.

पुढे जर्मन व इंग्रज वैद्यांत जी पत्रकबाजी झाली तिचा मासला देण्याचे कारण नाही. दोन्ही देशांस ती भूषणावह नव्हती. फ्रीडरिख उदार मतांचा होता, तो जगता तर त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत युरोपावर जे संकट आले ते टळले असते, असा तर्क तेव्हापासून चालत आलेला आहे. त्या तर्कात आम्हांस शिरावयाचे नाही. आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळीच बाब. पेशींचे शास्त्र ज्याने निर्माण केले, त्याच पुरुषाने स्वतःच्या डोळ्यांनी तुकडा पाहिला होता, आणि जे पाहिले तेच लिहिले होते. तो खोटे बोलला नाही. किंबहुना, काढलेल्या ह्या अंशांवरून सगळ्या विकाराविषयी खात्रीने सांगता येत नाही, अशी पुस्तीही त्याने आपल्या अभिप्रायास जोडली होती. पण ती पुस्ती कोणी वाचली नाही. जो तो ‘नाही’ एवढाच शब्द घेऊन आनंदाने घरी गेला. साक्षीदार सच्चा, साक्ष सच्ची. परंतु त्याला दाखविलेली जागाच चुकीची किंवा अपुरी होती. मोहिमेच्या एका बाजूला उभा राहिलेला कारकून ‘येथे लढाई झाली नाही’ असे लिहितो, त्यावरून लढाईच झाली नाही असे आम्ही म्हणत नाही.

असो. बादशहाची गोष्ट दूरची वाटेल. जवळची एक सांगतो. मुंबईहून नाशिकला जाणारा महामार्ग भिवंडीला वळसा घालून पुढे निघतो तेथे वडपे नावाचे गाव आहे. एके काळी तेथे रस्त्याच्या दोन्ही अंगांस भाताची खाचरे होती. आता मैलोगणती गोदामे आहेत. तेथील एक ओळखीचे गृहस्थ मध्यंतरी आमच्याकडे एक कागद घेऊन आले. त्यांच्या मातोश्रींच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा उठला होता. म्हातारीला लहानपणापासून मिश्री लावण्याची सवय. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, आणि इंग्रजीत लिहिलेला अहवाल घरी आला. घरातल्या शिकणाऱ्या नातवाने त्यात ‘कार्सिनोमा’ हा शब्द पाहिला मात्र, आणि घरात रडारड सुरू झाली. तीन दिवस चूल धड पेटली नव्हती. म्हातारीला कोणी काहीच सांगेना. “सर, किती दिवस राहिलेत तेवढे बघून सांगा,” असे ते गृहस्थ म्हणाले. म्हातारीही बरोबर आली होती, ती दाराशी बसून एवढेच पुटपुटली, “माझाच कागद, आन् मनाच कोन सांगत नाय.”

कागदावर तीन वाक्ये होती. मराठीत त्यांचा भाव असा : तपासलेल्या अंशात आक्रमक कर्करोग दिसत नाही. पृष्ठभागाच्या पेशींत मध्यम प्रतीचा ‘डिस्प्लेसिया’ आहे. रोग्याच्या प्रत्यक्ष अवस्थेशी हे ताडून पाहावे. ज्या शब्दाने घर हादरले त्याच्या मागेच ‘नाही’ हा शब्द उभा होता. तो कोणास दिसला नव्हता. फ्रीडरिखच्या दरबारात ‘नाही’ तेवढे वाचले गेले, वडप्यास ‘नाही’ तेवढे वगळले गेले. वैद्यकातले आमचे एक स्नेही जवळच राहतात. त्यांना बोलावून आणून आम्ही म्हातारीसमोरच तो कागद समजावून घेतला. त्यांनी जे सांगितले ते पुढे आमच्या भाषेत देतो.

काढलेला तुकडा प्रथम फॉर्मॅलीनमध्ये बुडवितात, म्हणजे तो कुजत नाही व पेशी होत्या तशा थिजून राहतात. हा उपाय फर्डिनांड ब्लूम ह्या जर्मनाने १८९३ मध्ये सुचविला. मग त्यातले पाणी काढून टाकून तो मेणात बसवितात आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीनचार पट एवढ्या जाडीचे पापुद्रे कापून काचेवर घेतात. पापुद्रा पाण्यासारखा निरंग असतो, म्हणून त्याला दोन रंग देतात. एक मेक्सिकोकडील एका झाडाच्या गाभ्यापासून निघतो. त्याने पेशीचे केंद्रक निळेजांभळे होते. दुसरा कृत्रिम, त्याचे नाव इओसिन. त्याने बाकीची पेशी गुलाबी दिसते. हे नाव पहाटेच्या ग्रीक देवतेवरून पडले आहे, आणि ती ‘ईओस’ म्हणजे आपल्या वेदांतल्या उषेची सख्खी बहीण, हे भाषाशास्त्राच्या वाचकांस सांगावयास नकोच. इतक्या संस्कारांस दिवस लागतात; हाडाचा तुकडा असेल तर त्यातला चुना आधी विरघळवावा लागतो, म्हणून आणखी लागतात. अहवालास उशीर झाला की ‘काहीतरी वाईट निघाले असावे’ अशी कुजबुज घरोघर होते, तिला आधार नाही.

काचेवर जाणता मनुष्य काय पाहतो? गालाच्या आतले अस्तर हे थरांचे असते. तळाशी कोवळ्या पेशी, त्या एका ओळीत उभ्या. वर जावे तसतशा त्या पसरट व पोक्त होतात आणि शेवटी गळून पडतात. निरोगी अस्तरात हा क्रम मोडत नाही. बिघाड सुरू झाला म्हणजे केंद्रके मोठी व गडद होतात, त्यांच्या कडा वेड्यावाकड्या होतात, तळाशीच व्हावयाची पेशींची विभागणी वरच्या थरांतही दिसू लागते, आणि रांगा विस्कटतात. हा विस्कटलेपणा तळच्या तिसऱ्या हिश्शापुरता असेल तर सौम्य, मध्यापर्यंत चढला तर मध्यम, त्याच्याही वर गेला तर तीव्र, असे ढोबळ मानाने म्हणतात. डिस्प्लेसिया म्हणजे एवढेच : घडणीतला बिघाड. ह्या सर्व थरांच्या खाली एक पातळ पडदा असतो. आमच्या स्नेह्यांनी म्हातारीला त्याची ओळख करून दिली ती खाचराच्या बांधाने. रोपे वेडीवाकडी वाढली, तण माजले, तरी जोवर ते बांधाच्या आत आहे तोवर शेत आपल्या हातात आहे. बांध फोडून पलीकडे गेले म्हणजे तो कर्करोग. म्हातारीने जन्मभर भातशेती केलेली. तिने लगेच विचारले, “मग बांध फुटलाय का?” इंग्रजी अहवालातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तो हाच, आणि तो तिने एका वाक्यात विचारला.

उत्तर असे होते, की पाहिलेल्या तुकड्यात बांध शाबूत आहे. ‘पाहिलेल्या तुकड्यात’ ह्या दोन शब्दांवर आमच्या स्नेह्यांनी बोट ठेवले. चट्टा रुपयाएवढा, तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा. बाकीच्या चट्ट्यात काय आहे हे काचेने सांगितलेले नाही. म्हणूनच तिसरे वाक्य. चट्टा कडक लागतो काय, त्यात लाल ठिपके आहेत काय, गळ्यात गाठी आहेत काय, हे ज्याने तोंड पाहिले त्याने अहवालाशी जुळवून पाहावे, आणि जुळत नसेल तर पुन्हा तुकडा घ्यावा. असे चट्टे कित्येकदा सवय सुटल्यावर मावळतात, कित्येकदा वर्षानुवर्षे तसेच राहतात, आणि काहींचा पुढे कर्करोग होतो. कोणता कोणत्या वाटेने जाईल हे आज काच पाहून निश्चित सांगता येत नाही. मिश्री बंद करणे, चट्टा काढून घेणे आणि ठरावीक मुदतीने तोंड दाखवीत राहणे, हा त्यावर उपाय. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’, ‘सुरी लागली की कर्क खवळतो’ ही भीतीही त्या घरात होती. वृषणासारख्या थोड्या ठिकाणी थेट सुई न घालण्याची खबरदारी घेतात खरी. पण गालाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा अंश नीट रीतीने काढल्याने रोग पसरून रोग्याचे वाईट होते, असा अनुभव नाही. लोकांना तुकडा काढल्यानंतर रोग बळावलेला दिसतो, कारण आपल्याकडे तुकडा काढावयास जातात तेच मुळी फार उशिरा.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करितो. ‘अॅब्नॉर्मल सेल्स’ ह्यास मराठीत ‘विकृत पेशी’ म्हणतात. शास्त्रात विकृती म्हणजे प्रकृतीपासून ढळणे, इतकाच अर्थ होता. पण बोलभाषेत विकृत म्हणजे नीतिभ्रष्ट, किळसवाणे. अंगात विकृत पेशी निघाल्या असे ऐकले की रोग्यास शरमल्यासारखे होते, जणू त्याच्या हातून पाप घडले. ‘बिघडलेल्या पेशी’ म्हटल्याने शास्त्राचे काही बिघडत नाही. बिघडलेले सुधारता येते, निदान वेगळे काढता येते, ही आशा त्या शब्दात आपोआप येते.

तुकडा न काढताही पेशी बोलत्या करता येतात, हे दाखविण्याचे श्रेय अमेरिकेत स्थायिक झालेल्या जॉर्ज पापानिकोलाऊ ह्या ग्रीक शास्त्रज्ञास आहे. योनिमार्गातील स्राव काचेवर पसरून पेशी पाहण्याचा त्यांचा अभ्यास वर्षानुवर्षे चालला, आणि त्यासाठी त्यांची पत्नी आपलेच नमुने देत असे. १९२८ साली त्यांनी कर्करोग असा ओळखता येतो हे सांगितले, पण फारसे कोणी ऐकले नाही. तुकडा घेता येत असताना सुट्या पेशींवर विसंबायचे कशाला, असा सूर होता. रूगे-फाइटांना ज्यांनी हसावे त्यांचेच हे वारस! १९४३ साली ट्राउट ह्यांच्याबरोबर लिहिलेले त्यांचे पुस्तक निघाले तेव्हा जगाचे डोळे उघडले. मात्र ही सुट्या पेशींची साक्ष संशय उत्पन्न करण्यापुरती; शिक्कामोर्तब करावयास पुन्हा तुकडाच लागतो.

आता महाराष्ट्राकडे वळू. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले ह्यांच्या हस्ते ते उघडले गेले. ह्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे सूत्रधार झाले डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील पदवी घेऊन ते परत आले आणि मुंबईच्या ग्रँट व शेठ गोवर्धनदास सुंदरदास ह्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. राज्यकर्त्यांची मुत्सद्देगिरी लिहिण्यात आपले इतिहासकार पिढ्या घालवितात. परंतु ह्या मनुष्याचे भरघोस मराठी चरित्र आमच्या कपाटात असावे अशी आमची फार दिवसांची इच्छा आहे.

खानोलकरांपुढे रोज तुकडे येत. बहुतेक विकृतिशास्त्रज्ञांच्या दृष्टीने तुकडा म्हणजे एका रोग्याचा एक प्रश्न. उत्तर लिहिले की काच कपाटात गेली. खानोलकरांनी त्या काचा दप्तरासारख्या वाचल्या. हा कर्करोग अंगाच्या ह्याच जागी का? हा मनुष्य कोणत्या प्रांतातला, काय नेसतो, काय चघळतो, विडी कशी ओढतो? १९४५ साली सूर्याबाई ह्या आपल्या सहकारिणीबरोबर त्यांनी अमेरिकेतील विकृतिशास्त्राच्या एका नियतकालिकात निबंध लिहिला. लोकांच्या चालीरीतींमुळे होणारे तीन नवे कर्करोग, असा त्याचा विषय होता. आंध्राच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची चिरूट जळते टोक तोंडात धरून ओढतात. तेथे टाळूला कर्करोग. बिहारात तंबाखू-चुन्याची खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवतात. तेथे ओठाच्या व हिरडीच्या मधल्या खोबणीत कर्करोग. आणि धोतर कमरेशी वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने जेथे कातडी घासून काळवंडते तेथे, त्याच पट्ट्यावर, कर्करोग. धोतरासारखे निरुपद्रवी वस्त्र, ज्यावर आपण संस्कृतीची व्याख्याने झोडतो, तेही पेशींच्या दप्तरात आपली नोंद करून जाते! युरोपात बसून हे कळले नसते. ज्याला धोतर कसे नेसतात हे ठाऊक आहे त्यालाच ही काच वाचता आली.

मुंबई हे अशा वाचनास योग्य शहर होते. एकाच हवेत, एकाच नळाचे पाणी पिऊन राहणाऱ्या पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग तुलनेने अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा अधिक, असे आढळे. म्हणजे कारण हवापाण्यात नसून राहणीत शोधावे लागणार. १९५५ साली संघवी, राव व खानोलकर ह्यांनी ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात तंबाखू ओढणे व खाणे आणि तोंडाचा व घशाचा कर्करोग ह्यांचा संबंध मांडला. गुटख्यावर महाराष्ट्र सरकारने बंदी घातली ती २०१२ साली. १९४५ च्या निबंधापासून ह्या बंदीपर्यंत सदुसष्ट वर्षे जातात, आणि मिश्री तर घरच्या तव्यावर भाजली जाते. तिला कोण बंदी घालणार? खानोलकर १९७८ साली निवर्तले.

परळचे रुग्णालय शहरातले. खेड्यांचे दप्तर उघडावयास सोलापूर जिल्ह्यातील बार्शी पुढे आली. १९८७ पासून तेथे ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, आणि त्या प्रकारची ती भारतातली पहिली. त्याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद व आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक मोठा प्रयोग झाला. गावांचे चार गट पाडले. एकात गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पापानिकोलाऊंच्या रीतीने पेशींची, तिसऱ्यात सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, चौथ्यात तपासणी नाही. संशय आला तेथे तुकडा घेऊन निर्णय करावयाचा. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : विषाणूची तपासणी झालेल्या गटात ह्या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या जवळजवळ तेवढ्याच गटात ६४. पेशी पाहण्याच्या जुन्या रीतीने मृत्यू तितके घटलेले दिसले नाहीत. शास्त्रास ह्यातून फार मोलाचे ज्ञान मिळाले. परंतु ज्या गावांना तपासणी मिळाली नाही त्यांतल्या स्त्रियांचे काय, असा आक्षेप पुढे घेतला गेला, आणि तो आम्हांस सहज झटकून टाकण्याजोगा वाटत नाही. मोर्गान्यींच्या काळी ज्ञान ज्याच्या देहातून मिळे त्याला ते उपयोगी पडत नसे, असे आम्ही वर म्हटले आहे.

खानोलकरांच्या धोतराचा धागा अगदी अलीकडे पुन्हा सापडला. २०२४ साली ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात वर्धा व मधुबनी येथील वैद्यांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत दिली. दोघींनाही कमरेशी, वस्त्र आवळून बांधण्याच्या जागी, न भरणारा व्रण झाला होता. एक परकराची नाडी घट्ट बांधीत असे. दुसरी चाळीस वर्षे परकरावाचून लुगडे कसून नेसत आली होती. दोघींचे व्रण दीर्घकाळ घरगुती जखम म्हणून राहिले. तुकडा काढला तेव्हा कर्करोग निघाला, आणि लुगडे नेसणारीच्या बाबतीत तो जांघेच्या ग्रंथीपर्यंत पोचलेला होता. बरी न होणारी जखम ही जखम आहे की आणखी काही, हे विचारावयास त्या व्रणाला दीड-दोन वर्षे वाट पाहावी लागली.

अहवालाबाबत एक व्यवहाराची गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. मेणात बसविलेला तुकडा पापुद्रे कापल्यावर संपत नाही. ती मेणाची वडी व काचा प्रयोगशाळेत जपून ठेविलेल्या असतात, आणि त्याच वडीतून पुढे नवे पापुद्रे काढून निराळे रंग व निराळ्या कसोट्या लावता येतात; स्तनाच्या कर्करोगात कोणते औषध लागू पडेल हे अशाच कसोट्यांवरून ठरते. एकाने वाचलेली काच दुसऱ्या जाणत्यास दाखविणे म्हणजे पहिल्याचा अपमान नव्हे. बिघाड सौम्य की मध्यम ह्याविषयी दोन निष्णात माणसांचे मतही पुष्कळदा भिन्न पडते. परळच्या रुग्णालयात बाहेरगावाहून आलेल्या रोग्याच्या काचा तेथील तज्ज्ञ स्वतः पुन्हा वाचतात. त्या मागावयास वकील लागत नाही. साधा अर्ज पुरतो. नेताना मात्र त्या फुटू नयेत म्हणून कापसात नीट गुंडाळून न्याव्या, आणि मेणाची वडी उन्हात ठेवू नये.